डबा उघडायचा नाही

११ जानेवारी, रविवार. दुपार.
हिशोबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात आणि रद्दीत जातात. आजपासून तिथं हे लिहायचं. वाचणारं कुणी नाही. सासूबाईंना अक्षर येत नाही, आणि धम्मशीला परभणीला खोली करून राहते, रविवारी मानवतला येते ती झोप काढायला.

आज मात्र झोपली नाही. एसटीतून उतरली ती थर्माकोलचा डबा छातीशी धरून. मला वाटलं आइस्क्रीम. थंडीत कशाला पैसे घालवले म्हणून आधी बोलून घेतलं. मग कळलं.

शुक्रवारीच तिचा फोन आला होता की आई, फ्रीज सुरू करून ठेव. कारण सांगितलं नव्हतं. आपला फ्रीज दिवाळी झाली की बंद होतो तो होळीलाच सुरू होतो. मधे मी त्यात कुरड्या-पापडाचे डबे ठेवते, मुंग्या लागत नाहीत. पाहुणे येणार असतील म्हणून सगळे डबे काढून फळीवर लावले होते. पाहुणे म्हणजे हा डबा.

आत एक नळी. करंगळीच्या पेराएवढी. तळाशी एक थेंब, गोठलेला. धम्मशीलाच्या पीएच.डी.चा शेवटचा प्रयोग ह्या थेंबावर आहे. अशा बऱ्याच नळ्या होत्या, बाकीच्या वापरून झाल्या, ही शेवटची. कॉलेजातला मोठा फ्रीजर बिघडला. दुसरा आहे पण तो येता-जाता सगळे उघडतात. म्हणाली, आपल्या घरी तुझ्याशिवाय फ्रीज उघडतंय कोण. दोन फेब्रुवारीला हैदराबादच्या एका लॅबमध्ये तिला तीन दिवस जागा मिळाली आहे. तोवर सांभाळायचं.

सूचना अशा: फ्रीज बंद करायचा नाही. डबा उघडायचा नाही. थेंब वितळला आणि परत गोठला की कमजोर होतो. असं चार-पाचदा झालं की मेला. लाईट गेली तरी घाबरायचं नाही, नळीभोवती बर्फाच्या पिशव्या आहेत, अर्धा दिवस निघतो.

म्हटलं, बाई, मी दहावी पास आहे. विज्ञानात छप्पन मार्क. मला दोनदा सांगायची गरज नाही.
तिनं तीनदा सांगितलं.

संध्याकाळ.
थेंबात काय आहे ते विचारून घेतलं. माणसाच्या अंगातलं प्रथिन. आजार आत शिरला की एक पेशी दुसरीला सांगावा धाडते, उठा, कुणीतरी आलंय. तो सांगावा म्हणजे हे. इंटरल्युकिन सहा. पण हे कुणाच्या अंगातून काढलेलं नाही. जंतूंच्या पोटात माणसाच्या प्रथिनाची कृती घालतात, मग ते बिचारे बनवत बसतात. म्हटलं, कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवतात तसं. म्हणाली, हो, तसंच. मला लगेच कळतं.

मग म्हणाली, आई, बाबांच्या रिपोर्टवर हेच नाव होतं. त्यांच्या अंगात हा सांगावा थांबलाच नव्हता. तो वेळेवर कसा थांबवायचा, हाच माझा विषय आहे.
म्हटलं, माहीत आहे. ह्यांना कोरोनात जाऊन आता पाचवं वर्ष लागलं, पण नाव लक्षात होतं.
काही वाटलं नाही. भाकरी टाकल्या.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळ.
वंदना झाली. पंचशील म्हणून झाल्यावर संकल्प केला. दोन फेब्रुवारीपर्यंत फ्रीजच्या वरच्या कप्प्याला हात लावायचा नाही. खालून फक्त दूध घ्यायचं. दूधही नको, रोज ताजं अर्धा लिटर घेऊन संपवायचं. म्हणजे फ्रीज उघडायचं कामच नाही.

बुद्धविहारात चांगुणाबाई भेटल्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष. सात फेब्रुवारीला रमाई जयंती, भाषणाला नावं मागत होत्या. मी कधी देत नाही. आज दिलं. विषय: गृहिणी आणि विज्ञान. चांगुणाबाई म्हणाल्या, तुम्ही? म्हटलं, हो, सध्या माझ्याकडे काम चालू आहे.

१३ जानेवारी, मंगळवार.
सकाळी लाईट गेली. मी शांत. धम्मशीला म्हणालीच होती घाबरू नको. घाबरले नाही. बसून राहिले. लाईट आली. मग विचार केला, घाबरायचं नाही हे ठीक, पण गोठलेलं आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळणार कसं. विज्ञान म्हणजे बघणं. पाटील मास्तर वर्गात हेच सांगायचे.

डबा काढला. नळी काढली. उजेडात तिरकी धरली. थेंब हलला नाही. लगेच ठेवली.
हे उघडणं नाही. हे तपासणं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
शेजारच्या गीताबाई तीळगूळ घेऊन आल्या, आणि पदराखाली सोललेल्या मटारची पिशवी. म्हणाल्या, सुकेशनीबाई, तुमचा फ्रीज ह्या वर्षी घुर्र घुर्र करायलाय, मला आवाज येतोय भिंतीतून, एवढे मटार ठेवा की वर. म्हटलं, वर जागा नाही. म्हणाल्या, का, काय ठेवलंय. सांगितलं. चूक झाली.

गीताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग एक थेंब माझ्या गुडघ्याला द्या. म्हटलं, बाई, एकच थेंब आहे. आणि हे माणसाला द्यायचं नाही, फक्त संशोधनासाठी, असं डब्यावर लिहिलंय. म्हणाल्या, माणसाचंच हाय अन् माणसालाच चालत न्हाई? मग कुणाला, म्हशीला?
अर्धवट ज्ञान असलेल्यांशी वाद घालू नये.

त्यांना नळी लांबून दाखवली. लांबून म्हणजे त्यांच्या हातात दिली, पण लगेच परत घेतली. उगाच संशय नको की ह्यांच्या घरी काहीतरी भलतंच आहे. वस्तीतल्या लोकांचा गैरसमज दूर करणं हेही विज्ञानाचंच काम. हे भाषणात घेता येईल.

१६ जानेवारी, शुक्रवार.
दोन दिवस अजिबात उघडला नाही. आज सकाळी वंदनेला बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मैत्रीभावना सगळ्या प्राणिमात्रांसाठी करतो. सगळे प्राणी सुखी होवोत, म्हणतो. मग ह्या थेंबात माणसाचं काहीतरी आहे तर त्यानं काय घोडं मारलं.
नळी काढून वंदनेपुरती समोर ठेवली. पूजा नव्हे. आपण असलं मानत नाही, ह्यांनी तर लग्नातच अक्षतांऐवजी फुलं टाकायला लावली होती. फक्त जवळ ठेवली. सुत्त पठण नेहमीपेक्षा जरा लांबलं, त्याला मी काय करणार.
उचलली तेव्हा थेंब हलला. थोडासाच. परत ठेवल्यावर दुपारी बघितलं, घट्ट गोठलेला. म्हणजे काहीही झालेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार.
धम्मशीला आली. तोंड उतरलेलं. मार्चअखेर तिची नोंदणीची मुदत संपते, आणि गाईड सरांनी सांगितलंय की हा निकाल आल्याशिवाय प्रबंध पुढे पाठवणार नाही. आता वाढीव मुदत नाही म्हणे. सात वर्षं झाली. ती पीएच.डी.ला लागली तेव्हा हे होते, पेढे आपल्या पोस्ट ऑफिसात वाटले होते ह्यांनी. पोस्टमन लोक अजून आठवण काढतात पेढ्यांची.

जेवताना विचारलं, डबा उघडला नाहीस ना. म्हटलं, फ्रीज मिनिटभर बंद नाही. हे खरं आहे. म्हणाली, आणि डबा. म्हटलं, तुला वरण वाढू का.
मुसावादा वेरमणी. खोटं बोलायचं नाही. मी बोललेच नाही. वरण खरंच वाढलं.

ती झोपली तेव्हा फ्रीजकडे गेले नाही. रविवारचा पूर्ण दिवस. स्वतःवर ताबा आहे हे सिद्ध झालं.

१९ जानेवारी, सोमवार.
काल बघितलं नव्हतं म्हणून आज दोनदा बघितलं.

२० जानेवारी, मंगळवार. सकाळ अकरा.
एक शोध लागला. थेंब गोठलेला असतो तेव्हा काही कळत नाही, दगडासारखा. पण मूठ करून धरला आणि थोडं बसलं की सैल होतो, मग नळी कलती केली की आतून सरकतो. जिवंत असल्यासारखा. गोठलेला थेंब चांगला आहे की मेलाय हे बाहेरून कसं कळणार. हलला तर चांगला. अशी माझी पद्धत. धम्मशीलाला सांगणार होते, पण ती कामात असते.
प्रबंधाच्या सुरुवातीला आभार मानतात. त्यात माझं नाव येईल असं ती मागे म्हणाली होती. आता नुसतं नाव नाही, पद्धतही यायला हवी.

मुठीत धरून बसले होते तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. डाळ करपली. एवढी काही नाही, वरची काढून घेतली.

२३ जानेवारी, शुक्रवार.
सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे कुठेतरी आहे, डोळ्याला कमी दिसतं, पण कानाला जास्तच ऐकू येतं. फ्रीजचं दार किती वेळा वाजतं ते ऐकत असतात. आज सैपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काय गं, रोज काय बघायलीस त्याच्यात? नवरा घातलायस का फ्रीजमंदी?
म्हटलं, लेकीचं सामान आहे, तपासावं लागतं.
म्हणाल्या, पोरीनं सांगितलं हात लावू नको म्हणून. म्या बहिरी न्हाई.
म्हटलं, तुम्हाला विज्ञान कळत नाही.
म्हणाल्या, मला न्हाई कळत. तुला कळतंय तर कामून धरून बसतीस?

मोठ्यांना उलट बोलू नये.
नवीन संकल्प: सोमवारी सव्वीस जानेवारी. प्रजासत्ताक दिनापासून फ्रीजर कायमचा बंद. म्हणजे दार बंद. फ्रीज चालू.

२५ जानेवारी, रविवार.
धम्मशीला आली नाही. हैदराबादची तयारी. फोनवर म्हणाली, आई, रात्री झोप लागत नाही, तीन दिवसांत जमलं नाही तर काय. म्हटलं, जमेल, माल आपल्याकडे सुरक्षित आहे. म्हणाली, तुझ्यामुळं तेवढी एक काळजी नाही बघ.
बरं वाटायला हवं होतं. वाटलं असेल.
पुरणाच्या डाळीचे खडे काढत बसले. पुरण करायचं नाही, पण खडे आत्ताच काढून ठेवले की होळीला घाई नाही.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळ.
शाळेतलं झेंडावंदन गॅलरीतून बघितलं. संकल्प सुरू. फ्रीजच्या दांडीला परित्राणाचा पांढरा दोरा गुंडाळला. दोरा रक्षणासाठी असतो असं भंतेजी म्हणतात, ते मनाच्या रक्षणाबद्दल. इथं दांडी सैल आहे म्हणून गुंडाळला. पण दोरा दिसला की आपलं आपल्याला आठवतं.

दुपार.
दोरा न सोडताही दार उघडतं. असं कसं बांधलं मी.

२८ जानेवारी, बुधवार. दुपार.
लाईट गेली होती. उन्हात बसून तांदूळ निवडत होतो दोघी. सासूबाई एकदम म्हणाल्या, आण इकडं.
म्हटलं, काय.
म्हणाल्या, तेच. काय रोज धरतीस ते.

नाही म्हणायला हवं होतं. पण लाईट गेलीच होती, तपासायचंच होतं. आणून दिली. त्यांनी सुपातले तांदूळ बाजूला सारले, दोन्ही तळहातांच्या मधे नळी घेतली, वाती वळतात तशी. म्हणाल्या, लय गार हाय.
चिमण्यांनी तांदळात तोंड घातलं, दोघींनी हाकलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, माझ्या सिद्धोधनाच्या अंगात हेच होतं म्हन की. म्हटलं, हेच नाही, ह्याच्यासारखं. म्हणाल्या, तेच की गं. आपल्याला हात लावू दिला न्हवता. काचंच्या बाहेरून दावला. प्लास्टिकमंदी बांधून नेला, तोंड बी न्हाई बघितलं.
म्हटलं, नियम होता तसा.
म्हणाल्या, व्हय, नियम होता.

नळी परत माझ्या हातात दिली. मीही धरली थोडा वेळ. थेंब पार पाणी झाला होता, नळी कलती केली की इकडून तिकडे. काही वाटलं नाही. असं इतकी वर्षं काहीच वाटत नाही, डॉक्टरांना विचारावं म्हणते, पण त्यासाठी तपासणी फी कशाला द्यायची.
लाईट आल्यावर ठेवून दिली. तांदूळ परत निवडावे लागले.

२९ जानेवारी, गुरुवार.
आज सासूबाईंनी आपणहून आठवण केली. म्हटलं, आज नाही. संध्याकाळी परत म्हणाल्या. म्हटलं, बरं, पण दोन मिनिटं.

३१ जानेवारी, शनिवार.
भाषण लिहून काढलं. दोन पानं. सुरुवात: “भगिनींनो, विज्ञान म्हणजे फक्त लॅबमध्ये असतं असं नाही, ते आपल्या फ्रीजमध्येही असतं.” शेवटी धम्मशीलाचा निकाल सांगायचा. जागा मोकळी ठेवली आहे.
आज उघडला नाही. फक्त सकाळी.

१ फेब्रुवारी, रविवार. माघ पौर्णिमा.
उपोसथ. अष्टशील घेतलं, दुपारनंतर अन्न नाही. धम्मशीला डबा न्यायला आली. संध्याकाळी परभणीहून गाडी.

तिनं डबा उघडला, नळी उजेडात धरली. मी शेजारी उभी. थेंब घट्ट, पांढरा, एकदम शहाण्यासारखा. ती म्हणाली, छान. मी म्हटलं, बघ. सासूबाई आतून म्हणाल्या, न्यायली का?
धम्मशीला म्हणाली, आजी तुला कशाला विचारायला लागली गं ह्याचं?
म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विषय लागतो.

नवीन बर्फ भरून डबा बांधला. रिक्षात बसताना माझ्या पाया पडली, डबा मांडीवर. आपल्यात पाया पडत नाहीत, ह्यांना आवडायचं नाही. पण पडली.
घरात आले. फ्रीज घुर्र करत होता. वरच्या कप्प्यात काही नाही. तरी एकदा उघडून बघितलं.
आता बंद करायला हरकत नाही. उद्या करते. आज उपोसथ, जास्त हालचाल नको.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ.
फोन आला. काल पेशींवर थेंब घातला. तिथल्या पेशी अशा आहेत की सांगावा पोचला की उजळतात, यंत्र तो उजेड मोजतं. आज दुपारी कळेल. आवाज आनंदी होता. म्हणाली, जेवलीस का, जेवण जात नाहीये मला. म्हटलं, माझ्या पद्धतीनं मी तपासलेलं आहे, काळजी करू नको.
म्हणाली, कुठली पद्धत.
म्हटलं, रेंज जातीय तुझी.

४ फेब्रुवारी, बुधवार.
पेशी उजळल्या नाहीत.

काल दुपारीच कळलं होतं, पण तिनं फोन केला नाही. आज केला. पेशींमध्ये दोष असेल म्हणून तिथल्या बाईंनी त्यांच्याकडचा तेच प्रथिन असलेला एक थेंब तपासण्यापुरता दिला. त्याला उजळल्या, लख्ख. आपल्याला नाही. म्हणजे पेशी जाग्या होत्या, सांगावाच पोचला नाही. त्यांच्याकडे जास्तीचं नाही, आणि तिची जागा आज संपते.

विचारलं, आई, फ्रीज बंद पडला होता का. म्हटलं, मिनिटभर नाही. म्हणाली, खरं सांग. म्हटलं, शपथ. शपथ घेऊ नये, पण घेतली, कारण खरं होतं.
म्हणाली, मग कळत नाही.
म्हटलं, मलाही नाही.

फोन ठेवल्यावर विचार केला. प्रवासात बर्फ कमी पडला असणार. गाडीत कुणी पाय ठेवला असेल डब्यावर. किंवा हैदराबादचं हवामान.
गीताबाईंनीही हातात घेतली होती. त्यांचे हात कायम गरम असतात.

७ फेब्रुवारी, शनिवार. रमाई जयंती.
विहारात गर्दी होती. चांगुणाबाईंनी नाव पुकारलं. गृहिणी आणि विज्ञान. मी दोन पानं घेऊन उभी राहिले. “भगिनींनो, विज्ञान आपल्या फ्रीजमध्येही असतं,” एवढं वाचलं. पुढे मोकळी सोडलेली जागा दिसायला लागली. पान उलटायच्या आधीच दिसायला लागली. म्हटलं, फ्रीज थंडीत बंद ठेवला तर बिल कमी येतं. जयभीम. आणि बसले.
टाळ्या झाल्या. एका बाईनं खाली बसल्यावर विचारलं, किती कमी येतं.
गीताबाई विहारात येत नाहीत, पण त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं होतं. भिंतीपलीकडून म्हणाल्या, मग आता तरी ठेवता का माझे मटार.

८ फेब्रुवारी, रविवार.
धम्मशीला आली. डबा परत आणला. नळी त्यातच होती, मोकळी.

भाजी-भाकरी वाढली. ती म्हणाली, गाईड सरांनी फोन उचलला नाही. विद्यापीठात सहा महिन्यांसाठी अर्ज टाकलाय, मिळेल असं कुणी म्हणत नाही. दुसरी नळी मागवायला कॉलेज परत पैसे देणार नाही. हे सगळं तिनं भाकरी मोडता मोडता सांगितलं, घासाकडे बघत.
मग म्हणाली, हैदराबादच्या बाई म्हणाल्या, ही सारखी वितळून गोठल्यासारखी वाटते. असं कसं होईल म्हटलं मी त्यांना, माझ्या आईकडे होती.

उंबऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, म्या बी धरली होती.
धम्मशीला म्हणाली, काय धरली होती?
सासूबाई म्हणाल्या, नळी. तुझी माय रोज धरायची, मंग म्या बी धरली.

ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, कशी धरायचीस. मी समजावून सांगायला लागले की गोठलेली असताना काही कळत नाही, म्हणून तपासायची एक पद्धत. ती म्हणाली, दाखव. मी रिकामी नळी घेतली, मूठ मिटली, मांडीवर ठेवली. रोज ठेवायचे तशी. बोलता बोलता थांबले, कारण पुढे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, मूठ मिटलेलीच राहिली.
तिनं माझी मूठ उघडली. तळहाताला हात लावून बघितला, ताप बघतात तसा. म्हणाली, ह्या उबेनं गेलं ते.

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, काहीतरी उत्तर देता आलं असतं. सासूबाई म्हणाल्या, लेकरा, सिद्धोधनाला हात लावू दिला न्हवता आमाला. धम्मशीला म्हणाली, माहीत आहे आजी, मी पण होते तिथं काचेच्या बाहेर.
मग उठली. ताट घासून पालथं घातलं. बॅग घेतली. दारात चप्पल घालताना म्हणाली, आई, मला सांगायचं होतंस. साध्या पाण्याचा थेंब गोठवून दिला असता तुला. तुला काय फरक पडला असता.
चारच्या गाडीनं गेली. रविवारी कधी जात नाही.

संध्याकाळ.
फरक पडला असता असं म्हणणार होते मी. म्हटलं नाही. आता विचार केला तर खरंच काय फरक पडला असता, सांगता येत नाही. छप्पन मार्क होते विज्ञानात, शंभरातले.

नळी कचऱ्यात टाकायची होती. पण चांगली आहे, झाकण घट्ट बसतं. साबणानं धुतली. चमच्याच्या टोकानं थोडं पाणी घातलं, जेवढं होतं तेवढंच. वर ठेवली. तिच्या शेजारी गीताबाईंचे मटार.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, गोठलं का?
म्हटलं, इतक्यात नाही.

उद्या फ्रीज बंद करायचा. थंडीत लागत नाही.